आसगावचा व्हिला आणि गेलेले ३१,००० रुपये

लहान मुलांना घेऊन गोव्याला निघालेल्यांनी हे वाचावेच, कारण व्हिलाच्या खोट्या जाहिराती देणाऱ्या भामट्यांना आपल्यासारखीच गिऱ्हाइके हवी असतात.

मोठा चार वर्षांचा, धाकटी दीड वर्षाची. हॉटेलच्या एका खोलीत दोघांच्या झोपेचा मेळ बसत नाही आणि धाकटीला घरचा मऊ भात लागतो, म्हणून स्वयंपाकघर असलेला व्हिला शोधला. समाजमाध्यमावरच्या जाहिरातीतील आसगावच्या व्हिलाचे एकूण भाडे २६,००० रुपये होते. १३,००० आगाऊ भरले, मग ५,००० अनामत, आणि निघण्याच्या आदल्या रात्री, ‘कुलपाचा कोड पाठवण्याआधी’, उरलेले १३,०००. तुम्ही मात्र पैसे भरण्याआधी व्हिडिओ कॉलवर घर दाखवायला सांगा. टाळाटाळ झाली तर तिथेच थांबा.

पोहण्याच्या तलावाला कुंपण आहे का, असे मी जाहिरातदाराला विचारले होते. ‘आहे ना ताई’ म्हणून त्याने लगेच फोटो पाठवला. त्या फोटोतील तलावाकाठची फरशी लाल होती आणि जाहिरातीतील करडी! हा फरक मला दिसला होता, माझ्या नवऱ्यानेही बोलून दाखवला होता. शिवाय पैसे पाठवताना पडद्यावर भलतेच नाव आले, तर ‘मॅनेजरचे खाते आहे’ असे उत्तर मिळाले. पण जो माणूस मुलांची वये विचारून पाळणा ठेवू का म्हणतो, त्याच्यावर कोण संशय घेईल?

थिवी स्थानकावरून भर दुपारी टॅक्सीने पोहोचलो, तर घर खरे होते आणि त्यात एक वृद्ध बाई राहत होत्या. आमच्याआधीही काही कुटुंबे अशीच दारात येऊन उभी राहिली होती, असे त्यांनी सांगितले. त्या रात्री म्हापशात हॉटेलचे ५,२०० रुपये वेगळे गेले.

पोलीस ठाण्यात रडणाऱ्या मुलांसह ताटकळल्यावर ‘पैसे ठाणे शहरातून पाठवलेत, तर तक्रार तिकडेच करा’ असे ऐकवण्यात आले. वास्तविक १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती, तो कुठल्याही हद्दीत घडलेला असो, नोंदवून घ्यावी लागते, आणि हे मी सांगितल्यावर साहेब जेवायला गेल्याचे कळले. बँकेचे म्हणणे त्याहून संतापजनक: पिन तुम्हीच टाकलात, म्हणून व्यवहार अधिकृत! मग ते खाते ज्या बँकेने उघडून दिले, तिने कागदपत्रे काय पाहिली?

फसल्याचे कळताच, पोलिसांची वाट न पाहता, १९३० या सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय मदत क्रमांकावर फोन करा. पैसे पुढे वळते होण्याआधीच ते गोठवता येतात. गोव्यात पर्यटकांना भाड्याने द्यायच्या घरांची नोंदणी १९८२ च्या कायद्यानुसार पर्यटन खात्याकडे करावी लागते, तेव्हा नोंदणी क्रमांक मागा आणि तो खात्याकडून पडताळून घ्या. आमची तक्रार बँकेने ‘निकाली’ काढली आहे. ती जाहिरात मात्र काल पुन्हा दिसली, या वेळी पत्ता शिवोलीचा आहे.