जुन्या पीसीला एसएसडी लावून आठ महिने: चालू-बंद व्हायच्या वेळेत खरा फरक कशाने पडला

मशीन ठाण्यात कोपरीतल्या एका सोसायटीच्या ऑफिसातलं. तिसऱ्या पिढीचा आय-3 (3220), एच61 बोर्ड, 4 जीबी डीडीआर3 रॅम, 500 जीबीची 7200 आरपीएम हार्ड डिस्क, विंडोज 10. बटण दाबल्यापासून टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये पहिली पावती टाकेपर्यंत चार मिनिटं जायची. बंद व्हायला कधी 40 सेकंद, कधी दोन मिनिटं. मे 2025 मध्ये 240 जीबीची साधी साटा एसएसडी (हार्ड डिस्कच्याच केबलला लागणारी, चिपवर साठवणारी डिस्क) आणि रॅमची आणखी एक 4 जीबीची पट्टी बसवली. आज तेच काम 50 सेकंदांत होतं, बंद व्हायला 12 ते 15 सेकंद लागतात. आठ महिन्यांत यात दोन-तीन सेकंदांपलीकडे फरक पडलेला नाही.

मोजताना डेस्कटॉप दिसला की घड्याळ थांबवू नका. जुन्या डिस्कवर डेस्कटॉप दीड मिनिटात यायचा, पण टास्क मॅनेजरमध्ये डिस्क पुढे कितीतरी वेळ 100 टक्क्यांवर अडकलेली असायची. खरा वेळ तिथेच जातो.

एच61 ला साटाचे 3 जीबीपीएसचेच पोर्ट असतात, मग सेकंदाला 550 एमबीच्या वेगाची एसएसडी घेऊन काय उपयोग, असं दुकानात हमखास ऐकवतात. ती 270-280 वरच अडते, हे खरं. पण विंडोज चालू होताना एक मोठी फाइल सलग वाचली जात नाही, हजारो बारक्या फाइली इकडून तिकडून गोळा होतात. हार्ड डिस्कचं हेड योग्य जागी जाऊन चकती फिरून येईपर्यंत दर वेळी 12-13 मिलिसेकंद जातात, म्हणजे सेकंदाला जेमतेम 80 वेळाच वाचन होतं. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, त्यामुळे पोर्ट जुना असूनही फायदा पुरेपूर मिळतो.

विंडोज क्लोन (जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल) करू नका, नव्याने टाका, कारण क्लोनमध्ये जुना कचराही सोबत येतो. आणि नव्याने टाकताना जुन्या डिस्कची केबल काढूनच ठेवा. इथे पहिल्यांदा दोन्ही डिस्क जोडलेल्या राहिल्या आणि बूट करणारा छोटा भाग सेटअपने जुन्या डिस्कवरच वापरला. सगळं सुरळीत चाललं, पण जुनी डिस्क काढल्याबरोबर मशीन उठेना. सगळं पुन्हा करावं लागलं. पॉवरला साटाची पिन शिल्लक नसेल तर कन्व्हर्टर लागतो. त्यात वायरी प्लास्टिकमध्ये ओतून बंद केलेला घेऊ नका, तो तापून जळायची भीती असते. वायरी वरून दाबून बसवलेला घ्या.

बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, साटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) एएचसीआयवर हवा, हे विंडोज टाकायच्या आधीच बघा. लॅनवरून बूट बंद करा, एसएसडी पहिल्या नंबरवर आणा. ऑगस्टमध्ये एका सकाळी निळी स्क्रीन आली, ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’. एसएसडी गेली असंच कुणालाही वाटेल. पण बायोसमधली तारीख कित्येक वर्षं मागे गेलेली दिसली. बोर्डावरचा सीआर2032 सेल संपला होता, त्यामुळे सेटिंग मूळपदावर येऊन मोड पुन्हा आयडीई, म्हणजे जुन्या पद्धतीचा, झाला होता. सेल बदलला, एएचसीआय केलं, मशीन उठलं. दहा-बारा वर्षांच्या बोर्डाचा सेल एसएसडीसोबतच बदलून टाका.

स्टार्टअपच्या यादीतून प्रिंटरचा स्टेटस दाखवणारा प्रोग्राम, दोन अपडेटर आणि व्हिडिओ मीटिंगचं अ‍ॅप बंद केलं. अँटीव्हायरस तसाच ठेवला. विंडोजच्या एमएसकॉन्फिग या सेटिंगच्या खिडकीत प्रोसेसरची संख्या वाढवून वेग वाढत नाही. ते सेटिंग संख्या कमी करून तपासण्यासाठी आहे, मुळात विंडोज सगळे कोअर वापरतंच. विंडोजची सेटिंग जिथे साठतात त्या रजिस्ट्रीचा क्लीनर तर नकोच.

बंद होण्याचं दुखणं मात्र वेगळं निघालं, ते एसएसडीने अर्धंच गेलं. विंडोजची नोंदवही असलेल्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये मायक्रोसॉफ्ट, विंडोज, डायग्नोस्टिक्स-परफॉर्मन्स, ऑपरेशनल इथे 100 नंबरची नोंद चालू होण्याची आणि 200 नंबरची बंद होण्याची असते, वेळ मिलिसेकंदांत. त्यालगतच्या नोंदींत अडवणाऱ्या प्रोग्रामचं किंवा सर्व्हिसचं नाव सापडतं. इथे प्रिंटची रांग सांभाळणारी प्रिंट स्पूलर ही सर्व्हिस सापडली. महिनाभरापूर्वीची एक अर्धवट प्रिंट रांगेत तशीच अडकून होती. रांग रिकामी केली आणि बंद व्हायचा वेळ निम्म्यावर आला. शिवाय रजिस्ट्रीत ‘क्लिअरपेजफाइलअ‍ॅटशटडाउन’ कुणीतरी 1 करून ठेवलं होतं, म्हणजे दर वेळी अख्खी पेजफाइल (रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवर वापरतं ती फाइल) पुसत बसायचं. ते 0 केलं.

बंद होताना सर्व्हिसना आवरायला विंडोज 10 मूळचे 5000 मिलिसेकंद देतं. ते 1000 करा असा सल्ला बरेच जण देतात. हिशेबाच्या मशीनवर हे अजिबात करू नका, डेटा लिहून व्हायच्या आत प्रोग्राम मारला गेला तर कंपनी फाइल बिघडू शकते.

फास्ट स्टार्टअप आम्ही बंद ठेवलंय. त्यात शटडाउन केलं तरी विंडोजचा गाभा डिस्कवर लिहून ठेवला जातो आणि दुसऱ्या दिवशी तोच परत उचलला जातो. मशीन रोज बंद होत असूनही टास्क मॅनेजरमध्ये अपटाइम 11 दिवस दिसत होता! हार्ड डिस्कवर ही सोय कामाची असते. एसएसडीवर तिच्याने पाच-सहा सेकंदच वाचत होते, आणि ती काढल्यापासून सकाळी प्रिंटर न सापडण्याची तक्रार थांबली.

पावसाळ्यात लाईट गेली की हे 12 सेकंद फार मोलाचे ठरतात. 600 व्हीएच्या यूपीएसमधली 12 व्होल्ट 7 एएचची बॅटरी जुनी झाली की मिनिट-दोन मिनिटंच तग धरते. आधी शटडाउन चालू असतानाच मशीन मरायचं.

जुनी डिस्क नंतर बॅकअपसाठी पुन्हा आत लावली होती. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये तिचा सी5 आकडा (नीट वाचता न येणाऱ्या जागांचा) शून्याच्या वर गेल्यावर काढून टाकली, कारण अशी डिस्क नुसती जोडलेली असली तरी चालू होताना मशीनला खोळंबून ठेवते.

विंडोज 10 चा मोफत आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, आणि विंडोज 11 च्या अधिकृत यादीत तिसऱ्या पिढीचे प्रोसेसर नाहीत. घरगुती वापरासाठी नोंदणी केली तर सुरक्षा अपडेट 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत मिळतील. त्यानंतर या मशीनवर नेट बँकिंग करायचं नाही, टॅली आणि प्रिंटपुरतंच ठेवायचं. एसएसडी मात्र काढून नव्या मशीनला दुसरी डिस्क म्हणून लावता येते, ते पैसे वाया जात नाहीत.