आफ्टरमार्केट आरपीएम मीटर आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन: मीटर मस्त, पण सोबतचा कागद अपुरा

कार्ब्युरेटरवाल्या जुन्या चार सिलिंडर पेट्रोल गाडीला हा युनिव्हर्सल आरपीएम मीटर (इंजिनचे मिनिटाला किती फेरे होतात ते दाखवणारा) लावलाय. ५ इंची डायल, काट्यावाला, मागे ४/६/८ सिलिंडरचा स्विच. नीट चालू झाल्यावर खरंच आवडला, काटा थरथरत नाही, पाय दाबला की लगेच वर जातो, आकडे उन्हातपण वाचता येतात. पण "नीट चालू होईपर्यंत" हा भाग मोठाय आणि त्याबद्दल सोबतच्या कागदावर जवळपास काहीच नाहीये, म्हणून सविस्तर लिहितोय.

कागदावर एवढंच की लाल वायर इग्निशन ऑन झाल्यावर येणाऱ्या १२ व्होल्टला, काळी अर्थला, पांढरी लाइटला आणि हिरवी कॉइलच्या (ठिणगीसाठी मोठं व्होल्टेज बनवणाऱ्या) निगेटिव्हला. पॉइंटवाल्या (डिस्ट्रिब्युटरमधला यांत्रिक स्विच कॉइलचा करंट तोडतो अशा) गाडीला हे अगदी बरोबर. पॉइंट उघडले की कॉइलच्या प्रायमरीवर दोन-तीनशे व्होल्टचा झटका येतो आणि मीटर तेच झटके मोजतो, फोर स्ट्रोक चार सिलिंडरला एका फेऱ्यात दोन. पॉइंट काढून डिस्ट्रिब्युटरमध्ये हॉल सेन्सरचं (चुंबकावर चालणारं) साधं किट बसवलं असेल तरीही बहुतेक वेळा चालतं, कारण कॉइल तशीच आणि झटकाही तसाच.

माझ्याकडे मात्र सीडीआय (कपॅसिटर डिस्चार्ज इग्निशन) बॉक्स आहे, तोही मल्टीस्पार्कवाला, म्हणजे एका वेळी अनेक ठिणग्या टाकणारा, आणि तिथे हिरवी वायर कॉइलला लावायचीच नाही! हे ठळक अक्षरात छापायला हवं होतं. सीडीआयमध्ये कपॅसिटर चारशे-पाचशे व्होल्टला चार्ज होऊन कॉइलमध्ये रिकामा होतो, तो दणका थेट मीटरच्या सर्किटवर गेला तर मीटर जाऊ शकतो, आणि वाचला तरी साधारण ३००० आरपीएमच्या खाली बॉक्स एका पॉवर स्ट्रोकला अनेक ठिणग्या टाकतो त्यामुळे आकडा भलताच येणार. सिग्नल घ्यायचा तो बॉक्सवरच्या टॅको आउटपुटमधूनच (आरपीएम मीटरसाठीची वेगळी जोडणी), तिथे एका इग्निशनला एकच स्वच्छ १२ व्होल्टची चौकोनी पल्स मिळते.

तिथे लावला तर काटा शून्यावरून हलेचना. मीटर खराब समजून परत पाठवायच्या आधी एक टेस्ट करा, मल्टिमीटर फ्रीक्वेन्सीवर ठेवून टॅको आउटपुट तपासा. चार सिलिंडरला ९०० आरपीएमच्या आयडलवर ३० हर्ट्झ दिसायला हवेत, ३००० ला १००. माझ्याकडे दिसत होते, म्हणजे बॉक्स ठीक होता, पण या मीटरला कॉइलच्या मोठ्या झटक्याची सवय, १२ व्होल्टच्या पल्सने तो जागाच होत नव्हता. मधे टॅको अडॅप्टर टाकला, जो छोट्या पल्सवरून मोठा झटका तयार करून देतो, आणि काटा पहिल्या स्टार्टला उठला. हा अडॅप्टर मीटरसोबत येत नाही, वेगळा घ्यावा लागतो, माझ्या मते सगळ्यात मोठी उणीव हीच. निदान मीटरच्या खोक्यावर लिहा ना की १२ व्होल्ट सिग्नलवर चालेलच असं नाही.

नंतर ४००० च्या वर काटा उड्या मारायला लागला, तो वेगळाच प्रकार. सिग्नलची वायर प्लगच्या हाय टेन्शन केबलला खेटून गेली होती. ती लांबून फिरवली, अर्थ डॅशबोर्डच्या पत्र्याऐवजी थेट बॅटरी निगेटिव्हला नेली, काम झालं. तुमच्या प्लगच्या केबल साध्या तांब्याच्या तारेच्या असतील तर रेझिस्टन्सवाल्या टाका, मल्टीस्पार्क बॉक्सला त्या लागतातच.

सिलिंडरचा स्विच फिटिंगच्या आधीच बघून घ्या, डॅशवर बसवल्यावर मागे हात जात नाही. चार सिलिंडरच्या गाडीला तो ८ वर राहिला तर ३००० चे १५०० दिसतील. आकडा अर्धा किंवा दुप्पट असा साफ हिशोबात चुकत असेल तर दोष सेटिंगचा, वायरिंगचा नव्हे. मी आरपीएम दाखवणाऱ्या टायमिंग लाइटशी (ठिणगीची वेळ तपासायचा दिवा) ताडून बघितलं, मल्टीस्पार्कमुळे ती लाइट खालच्या रेव्हला फसू शकते म्हणून ३००० च्या वरच, आणि दोघांत शंभरच्या आतच फरक होता. या किमतीच्या वर्गात एवढं पुरे.

वेस्टेड स्पार्कवाल्या (एक कॉइल दोन प्लगना एकदम ठिणगी देते अशा) इंजिनला हा घेताना विचार करा, तिथे एक कॉइल प्रत्येक फेऱ्याला एकदाच उडते, म्हणजे चार सिलिंडरच्या एकाच कॉइलवरून सिग्नल घेतला तर आकडा अर्धा. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असेल तर एका कॉइलवरून पाव भागच मिळेल, तिथे ईसीयूचं (इंजिनच्या कंट्रोल कॉम्प्युटरचं) टॅको आउटपुट शोधा, आणि ते ओपन कलेक्टर (स्वतः व्होल्टेज न देता फक्त अर्थला जोडणारं) असेल तर १२ व्होल्टला पुल-अप रेझिस्टर लावल्याशिवाय पल्स उठणारच नाही. आणि ज्यांच्या डॅशवर कॉइलच्या लाइनमध्ये सिरीजला जोडलेला जुना करंटवर चालणारा ओरिजिनल मीटर आहे आणि तो सीडीआयनंतर मेलाय, त्यांनी तो फेकू नका प्लीज, बहुतेक वेळा आतलं सर्किट बदलून व्होल्टेजवर चालणारं करता येतं आणि डायल तीच राहते.

डायलची लाइट रात्री जरा जास्त प्रखर आहे, पांढरी वायर पार्किंग लाइटऐवजी डॅशच्या डिमरला जोडली की त्रास नाही.