फरक पडला का, हे कशाने मोजायचं: तारा की प्रश्नावली?

मार्गारेट हॅरिसन यांनी १९७३ साली इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये होम-स्टार्ट ही संस्था सुरू केली. प्रशिक्षण घेतलेली स्वयंसेविका आठवड्यातून एकदा लहान मुलं असलेल्या घरी जाते, मुलांना खेळवते, आईचं ऐकून घेते. अशा कामाला पैसे देणारा कधीतरी विचारतोच, ‘फरक काय पडला?’

तो मोजायची दोन साधनं बघू. फॅमिली स्टार प्लस हा कागदावरचा दहा टोकांचा तारा. आईची तब्येत, मुलांची शिस्त, घराची घडी, पैसा अशा एकेका विषयावर आई आणि संस्थेचा समन्वयक शेजारी बसून १ ते १० मधला आकडा ठरवतात. परवाना आणि प्रशिक्षण यांचा खर्च आहे. पण ‘झोपवताना रोज रडारड’ यावरून जे बोलणं निघतं, ते कुठल्याही फॉर्मात निघत नाही. गोची वेगळीच आहे. पहिल्या भेटीत आई ८ सांगते. दारात आलेल्या परक्या बाईला कोण खरं सांगणार? तीन महिन्यांनी विश्वास बसला की तीच ५ म्हणते. कागदावर घर घसरलं! म्हणून आकड्याशेजारी दोन ओळी लिहायच्याच.

एडिंबरा प्रश्नावली (१९८७) बाळंतपणानंतरचं नैराश्य चाचपण्यासाठी बनली. गेल्या सात दिवसांबद्दल १० प्रश्न, एकूण गुण ० ते ३०. पाच मिनिटांत होते, आकडे इतरांशी ताडून पाहता येतात. मात्र थकलेलं भाडं किंवा मुलाचा हट्ट तिच्यात दिसत नाही. शिवाय दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. उत्तर ‘कधीच नाही’ याखेरीज काहीही आलं, तर त्याच दिवशी फोन कुणाला करायचा हे आधी ठरलेलं हवं. ठरलं नसेल, तर हा कागद घराबाहेरच ठेवा.

माझं मत विचाराल, तर कामाचा पसारा घरभर असेल तिथे तारा घ्यावा, आणि तो समन्वयकानेच भरून घ्यावा. स्वयंसेविकेने विचारलं की आई तिचं मन राखायला गुण वाढवते. तान्ह्या बाळांच्या आयांपुरतंच काम असेल, आरोग्यसेविका हाकेच्या अंतरावर असेल, तर एडिंबरा. दोन्ही एकाच भेटीत नकोत. चहा निवतो आणि बाईही.

काहीही निवडा, अहवाल लिहिताना जपून. होम-स्टार्टवरचा २००४ चा अभ्यास आठवा: मदत मिळालेल्या आया सावरल्या, पण मदत न मिळालेल्या तुलनेच्या गटातल्याही जवळपास तेवढ्याच सावरल्या. मदत मिळालेल्या आयांना ती मोलाची वाटली, हेही त्यातच नोंदलंय. तेव्हा ‘गुण सुधारले’ एवढंच लिहा, ‘आमच्यामुळे’ हा शब्द गाळून.