फुकटच्या सर्च सर्व्हरचं 'लायसन्स' मी दोनदा विकत घेतलं

लिहायला लाज वाटतेय पण लिहितेच. मी काही कॉम्प्युटर न कळणारी बाई नाहीये, साइट स्वतः बांधलीय, लिनक्सवर लॉगिन करून लॉग वाचता येतात, तरी एका माणसाने मला दोन वर्षं व्यवस्थित गुंडाळलं.

साइटवर जुन्या लेखांचा मोठा साठा आहे, काही लाख नोंदी, आणि शोध मायएसक्यूएल या डेटाबेसच्या लाइक क्वेरीवर, म्हणजे मजकुरात तो शब्द कुठे आहे ते चाळण्यावर, चालायचा. शब्दाच्या दोन्ही बाजूंना टक्क्याचं चिन्ह लावलं की इंडेक्स, म्हणजे डेटाबेसची सूची, कामाचा राहत नाही, अख्खं टेबल चाळलं जातं, त्यामुळे लोक शब्द टाकून वाट बघून कंटाळून निघून जायचे. इलॅस्टिकसर्च, म्हणजे खास शोधासाठीचा वेगळा सर्व्हर, बसवायचं ठरवलं, मला वेळ नव्हता म्हणून ऑनलाइन एक फ्रीलान्सर शोधला. बोलायला गोड, प्रत्येक वाक्यात मॅडम मॅडम.

पहिला चुना इन्स्टॉल करतानाच लागला, मला कळला मात्र फार नंतर. स्क्रीन शेअर करून बसला होता, सर्व्हर सुरू होईना, लाल अक्षरात एरर आली की मॅक्स व्हर्च्युअल मेमरी एरियाज ६५५३० इज टू लो, किमान २६२१४४ करा. "बघा मॅडम, मेमरीच कमी आहे तुमची, मोठा सर्व्हर घ्यावा लागेल." एररमध्ये मेमरी शब्द ढळढळीत दिसतोय, मी कशाला शंका घेऊ? दुप्पट रॅमचं मशीन घेतलं, तेसुद्धा त्यानेच दिलेल्या लिंकवरून, म्हणजे कमिशन असणारच. आता कळलंय की या आकड्याचा रॅमशी संबंधच नाही, एका प्रोसेसला मेमरी मॅप किती करता येतील याची ती कर्नलमधली, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातली, मर्यादा आहे, व्हीएम डॉट मॅक्स मॅप काउंट नावाची, आणि सिससीटीएल कमांडची एक ओळ मारली की वाढते. डेब किंवा आरपीएम पॅकेजने, म्हणजे लिनक्सच्या तयार इन्स्टॉलरने, बसवलं असतं तर ती सेटिंग पॅकेजनेच करून टाकली असती. याने टारची, म्हणजे झिपसारखी, फाइल आपल्या होम फोल्डरमध्ये सोडवली होती.

मग लायसन्स. किबाना, म्हणजे इलॅस्टिकसर्चचं ब्राउझरमधलं पॅनेल, त्याच्या स्क्रीनवर ट्रायल लिहिलेलं दाखवलं, ३० दिवसांनी सर्च बंद पडेल म्हणाला, प्रॉडक्शन लायसन्स घ्यावं लागेल दर वर्षी. मी पैसे भरले, त्याने 'अ‍ॅक्टिव्हेट' केलं, ट्रायल शब्द गेला, आणि माझं नाव घातलेली सोनेरी बॉर्डरची पीडीएफ आली. दुसऱ्या वर्षी रिन्युअल. तेही भरलं!!

तिसऱ्या वर्षी रिन्युअलचा मेल आला, मी चार दिवस टाळाटाळ केली आणि रविवारी सकाळी सर्च उघडलं तर कुठलाही शब्द टाका, शून्य निकाल. सर्व्हरवर बघितलं तर माझे सगळे इंडेक्स (इलॅस्टिकसर्चमध्ये नोंदी ठेवायच्या जागेला इंडेक्स म्हणतात) गायब, रीड_मी नावाचा एकच इंडेक्स उरलेला, त्यात एक नोंद, डेटा हवा असेल तर या पत्त्यावर बिटकॉइन पाठवा. हातपाय गळाले. त्याला फोन केला तर म्हणाला, "लायसन्स संपलं ना मॅडम, म्हणून सिक्युरिटी बंद झाली, आता रिन्युअल प्लस रिकव्हरी चार्ज लागेल." मी ट्रान्सफर करायलाच बसले होते, खरंच.

वाचले ती एका जुन्या ऑफिसातल्या मित्रामुळे. त्याला फोनवर रडगाणं सांगितलं, तर तो म्हणाला आधी टर्मिनल उघड आणि कर्ल कमांडने लोकलहोस्टच्या, म्हणजे त्याच मशीनच्या, ९२०० पोर्टवर (इलॅस्टिकसर्च याच पोर्टवर बोलतं) अंडरस्कोअर लायसन्स विचार. दहा ओळींचं उत्तर आलं. टाइपसमोर बेसिक. इश्यूड टू समोर माझं नाव नाही, नुसतं इलॅस्टिकसर्च, म्हणजे क्लस्टरचं (इलॅस्टिकसर्चच्या सर्व्हरांच्या गटाचं) डिफॉल्ट नाव, तेसुद्धा याने बदललं नव्हतं. आणि एक्सपायरीची ओळच नाही. मित्र म्हणे असणार कशी, बेसिक फुकट आहे, संपत नाही. ट्रायलही कोणालाही एका बटणावर फुकट सुरू करता येते आणि ती संपली तरी शोध बंद पडत नाही, पैशाची फीचर्स तेवढी जातात. म्हणजे अ‍ॅक्टिव्हेशनच्या नावाखाली याने ट्रायलवरून परत फुकटच्या बेसिकवर आणून ठेवलं होतं.

सिक्युरिटीची थाप तर त्याहून भारी. पासवर्ड आणि युजरची सोय २०१९ पासून, ६.८ आणि ७.१ व्हर्जनपासून, बेसिकमध्येच आहे, आणि ८.० पासून, म्हणजे २०२२ पासून, ती आपोआप चालू होऊन येते. माझ्या वायएमएल, म्हणजे सेटिंगच्या, फाइलमध्ये एक्सपॅक सिक्युरिटी एनेबल्डसमोर फॉल्स लिहिलेलं होतं, त्याच्याच हाताने, बहुतेक सर्टिफिकेटची एरर निस्तरायचा कंटाळा. त्याच्या खाली नेटवर्क होस्ट ०.०.०.०, म्हणजे बाहेरून कोणीही जोडावं, फायरवॉल नाही. म्हणजे दारही उघडं आणि पाटीही लावलेली. असे उघडे ९२०० पोर्ट शोधत बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्राम, फिरतच असतात, २०१७ च्या जानेवारीत अशाच खंडणीच्या चिठ्ठ्या हजारो सर्व्हरवर सापडल्या होत्या. इंडेक्स त्यानेच उडवले असं मी म्हणत नाही, पुरावा नाही माझ्याकडे. पण कुलूप काढून ठेवणारा तोच.

आणि रिकव्हरी कसली? मूळ लेख मायएसक्यूएलमध्ये जसेच्या तसे होते, सर्चमध्ये नुसती प्रत. मशीन पुसून पॅकेजने नवीन बसवलं, ९२०० फक्त लोकलहोस्टवर ठेवला, लेख परत सर्चमध्ये भरणारी रीइंडेक्सची स्क्रिप्ट लावून झोपले, सकाळी सगळं जागेवर. पुसायच्या आधी ऑथोराइज्ड कीजची, म्हणजे कोणाच्या कीने सर्व्हरवर लॉगिन होतं त्याची, फाइल उघडली होती, तिच्यात माझ्या कीशिवाय अजून दोन. एकीच्या शेवटी त्याच्या लॅपटॉपचं नाव होतं. दुसरी कोणाची, देव जाणे.

तुम्ही कोणाकडून बसवून घेतलं असेल तर आजच ते लायसन्स विचारून बघा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. आणि आपल्या घरच्या नेटवरून, सर्व्हरच्या बाहेरून, ब्राउझरमध्ये आयपी आणि ९२०० टाकून बघा, पासवर्ड न विचारता क्लस्टरचं नाव दिसलं तर आधी पोर्ट बंद करा, बाकीचं नंतर वाचा. स्वतः बसवत असाल तर इलॅस्टिक नावाच्या मुख्य युजरचा पासवर्ड इन्स्टॉल होताना स्क्रीनवर एकदाच दिसतो, तेव्हाच लिहून ठेवा, मी पहिल्यांदा सरळ क्लिअर मारलं आणि मग रीसेट पासवर्डची कमांड शोधत बसले.

त्याला लायसन्सचं ते उत्तर कॉपी करून पाठवलं आणि पैसे परत मागितले. "मॅडम ते सर्व्हिस चार्जेस होते", एवढं लिहून ब्लॉक. इनव्हॉइसवर मात्र 'लायसन्स फी' असंच छापलंय, दोन्ही वर्षांच्या, ते इनव्हॉइस आणि चॅट जोडून सायबर तक्रार टाकलीय.