पितळी पंच की साइट पुशर?

टेक्ससमधल्या भाच्याला ग्लॉक पिस्तुलाची मागची साइट (नेम धरायची खूण) घरीच बदलायची आहे. पंच (ठोकायची छोटी दांडी) नि हातोडी घेऊ की पुशर (स्क्रूने साइट ढकलणारं साधन), हा त्याचा प्रश्न. आधी मॅगझिन (गोळ्यांची पेटी) काढ, चेंबर (नळीतली गोळीची जागा) रिकामं असल्याची डोळ्यांनी नि बोटाने खात्री कर, मग स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) उतरव.

खर्चात पंच सरस: पितळी किंवा नायलॉनचा पंच आणि छोटी हातोडी 15-20 डॉलरांत येते. मात्र स्लाइड धरायला मऊ जबड्यांचा व्हाइस (वस्तू घट्ट पकडणारा शिकंजा) लागतोच. तो नसेल तर ही बचत फसवी. पुशरला 50-100 डॉलर पडतात.

खरा फरक नियंत्रणात आहे. पुशरचा स्क्रू साइटला डव्हटेल (तळाशी रुंद होणाऱ्या) खाचेत केसाकेसाने सरकवतो. हातोडीचा एक घाव जास्त बसला की साइट मध्य ओलांडते, मग उलटं ठोका. अंधारात चमकणाऱ्या ट्रिटियमच्या साइटवर तर हातोडी नकोच, आतली काचेची नळी फुटू शकते. पण स्वस्त पुशर फार घट्ट साइटपुढे वाकतो, तिथे पंचच कामी येतो.

पुढच्या साइटला दोन्ही नकोत. तिचा स्क्रू स्लाइडच्या आतून असतो. 3/16 इंची पातळ नट ड्रायव्हर (स्क्रूड्रायव्हरसारखा पाना) पुरतो.

एकदाच साधी साइट बदलायची आणि व्हाइस घरात असेल, तर पंच. ट्रिटियम असेल किंवा नेम जुळवायला साइट वारंवार हलवायची असेल, तर पुशर.