ओमेका एस: फुकट आहे, चांगलं आहे, पण रजिस्टर म्हणून वापरू नका

छोट्या म्युझियमचं कलेक्शन ऑनलाइन टाकायचं म्हटलं की कोणीतरी ओमेकाचं नाव काढतंच, आणि लगेच पुढचा प्रश्न, "फुकट आहे ना?" हो बाबा, फुकट आहे. ओमेका म्हणजे वस्तूंच्या नोंदी आणि फोटो वेबसाइटवर मांडायचं सॉफ्टवेअर. ओपन सोर्स आहे, जॉर्ज मेसन युनिव्हर्सिटीच्या रॉय रोझेनझ्वाइग सेंटरमधून २००८ ला पहिल्यांदा बाहेर आलं, त्याला आता ओमेका क्लासिक म्हणतात. २०१७ ला ओमेका एस आलं, मी ते वापरतो आणि हा रिव्ह्यू त्याचाच आहे. एस मधे एकाच इन्स्टॉलेशनवर हव्या तितक्या साइट काढता येतात आणि सगळ्यांना वस्तूंचा साठा एकच असतो. नव्याने सुरू करत असाल तर एसच घ्या, क्लासिक की एस या वादात महिना घालवू नका.

माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे घाईत असलेल्यांना खाली वाचायला नको. लोकांना वस्तू दाखवायला हे मस्त आहे, पण म्युझियमचा कारभार यावर चालवू नका. स्पेक्ट्रम नावाचं जे म्युझियमसाठीचं स्टँडर्ड आहे, त्यात ९ प्राथमिक प्रक्रिया आहेत: वस्तू आत येणं, रीतसर दाखल करणं, कुठल्या कपाटात आहे आणि कधी हलवली, लोनवर आली (म्हणजे दुसऱ्या म्युझियमकडून काही काळासाठी उसनी), लोनवर गेली, वगैरे. यातलं ओमेका धड एकच काम करतं, कॅटलॉगिंग, म्हणजे वस्तूचं वर्णन नोंदवणं. बाकीचं त्यात कोंबायला गेलात तर कोंबता येतं, फील्ड तुम्ही काहीही बनवू शकता, पण लोन परत यायची तारीख उलटून गेली तरी ओमेका तुम्हाला काही सांगणार नाही, कारण लोन म्हणजे काय हे त्याला माहीतच नाही.

म्हणून माझी पद्धत अशी की खरा डेटा एका साध्या स्प्रेडशीटमधे आणि ओमेका म्हणजे त्या शीटचं बाहेरचं रूप. उद्या साइट उडाली, होस्टिंग बंद पडलं, जो पोरगा साइट बघायचा तो नोकरी सोडून गेला, तरी शीट आणि फोटोंचा फोल्डर हातात असला की साइट परत उभी राहते. बजेट कमी असलेल्या ठिकाणी हे तिन्ही कधी ना कधी होतंच, तेव्हा आधीपासून तसं धरून चाललेलं बरं.

आता ते शीट. पहिला कॉलम ॲक्सेशन नंबर, म्हणजे वस्तू दाखल करताना तिला दिलेला नंबर, आणि इथेच पहिली गंमत होते. जुन्या रजिस्टरमधे नंबर ५/६२ असा लिहिलेला असतो, एक्सेलमधे टाकला की एक्सेल त्याची तारीख करून मोकळं होतं, मे ६२. आणि सुरुवातीचं शून्य तर विचारूच नका, गायब. त्यामुळे टायपिंग सुरू करायच्या आधी तो कॉलम टेक्स्ट फॉरमॅटला टाका, नंतर टाकून उपयोग नाही, बदललेलं परत येत नाही. शिवाय फाइलच्या नावात ती तिरकी रेघ चालत नाही, म्हणून फोटोंना नाव देताना तिच्या जागी डॅश, आणि हे एकदा ठरवून भिंतीवर चिकटवून ठेवा. नाहीतर एक जण डॅश, दुसरा अंडरस्कोर, तिसरा फोनने दिलेलं नाव तसंच, आणि मग कुठला फोटो कुठल्या वस्तूचा हे शोधण्यात आठवडे जातात.

सीएसव्ही इम्पोर्ट हे मॉड्यूल (ओमेकाला वरून जोडायचा भाग) मला ओमेकातलं सगळ्यात आवडतं. सीएसव्ही म्हणजे शीट साध्या टेक्स्ट फाइलमधे सेव्ह केलेली. शीट चढवा, कुठला कॉलम कुठल्या फील्डला जातो ते जोडा, चालू करा. चुकलं तर मागच्या इम्पोर्टच्या यादीत जाऊन तो आख्खा इम्पोर्ट अनडू करता येतो! फुकटच्या सॉफ्टवेअरमधे एवढं कोण देतं. आणि नंतर शीट सुधारली तर ॲक्सेशन नंबरवरून जुनी नोंद शोधून ती अपडेटही करतं, म्हणजे ओमेकात बसून एकेक नोंद दुरुस्त करत बसायची गरज नाही. ठरवून करूच नका, नाहीतर शीट एक सांगते आणि साइट दुसरंच.

पण स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवर (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट) हा इम्पोर्ट बऱ्याचदा "स्टार्टिंग" वर येऊन बसतो आणि तिथेच बसून राहतो. एरर नाही, काही नाही. कारण इम्पोर्ट बॅकग्राउंडला चालतो, त्याला सर्व्हरवरचं कमांड लाइनचं पीएचपी (ओमेका ज्या भाषेत लिहिलंय ती चालवणारा प्रोग्रॅम) लागतं, आणि ते कुठे आहे हे ओमेकाला सापडलेलं नसतं. कॉन्फिग फोल्डरमधल्या फाइलमधे तो पाथ हाताने लिहिला की गाडी चालू. माझ्या होस्टिंगवाल्यांच्या सपोर्टला हा पाथ विचारला तर ते मला मोठा प्लॅन घ्या म्हणून सांगत होते, जो अजिबात लागला नाही. त्यामुळे होस्टिंग घ्यायच्या आधीच विचारून घ्या की कमांड लाइन पीएचपी आहे का आणि कुठे आहे, आणि नीट उत्तर आलं नाही तर दुसरीकडे बघा.

फोटोंचा हिशोब एकदा कागदावर करा. २४ मेगापिक्सेलचा साधा ८ बिट टिफ (जपून ठेवायच्या मूळ फोटोची मोठी फाइल), कॉम्प्रेस न केलेला, साधारण ७२ एमबी. १००० वस्तू, प्रत्येकी ४ फोटो, म्हणजे २८८ जीबी. स्वस्तातल्या होस्टिंगवर हे विसरा. आणि टाकायचे तरी कशाला? ओमेका पाहुण्यांना दाखवायला लहान कॉपी स्वतःच बनवतं, पण तुम्ही चढवलेली मूळ फाइलही सर्व्हरवर जशीच्या तशी ठेवतं आणि क्लिक केलं की तीच उघडते. म्हणजे मोबाइलवर बघणाऱ्या माणसाच्या माथी ७२ एमबी. म्हणून वर चढवायला लांब बाजू २००० पिक्सेलचा जेपेग, टिफ आपल्याकडे हार्ड डिस्कवर, आणि त्या डिस्कची दुसरी कॉपी दुसऱ्या इमारतीत. मोठ्या म्युझियमसारखं खोलवर झूम हवंच असेल तर त्याला कँटलूपसारखा वेगळा इमेज सर्व्हर लागतो, तो जावावर चालतो, शेअर्ड होस्टिंगवर नाही चालत. एखाद्या नकाशाला किंवा पोथीला झूमची खरंच गरज असते हे मान्य, पण मातीच्या भांड्याच्या तुकड्याला नाही.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. ओमेका एस मधे नोंद प्रायव्हेट करता येते, नोंदीतलं एकच फील्डसुद्धा प्रायव्हेट करता येतं, आणि हे बघून लोक देणगीदाराचा पत्ता, विम्याची रक्कम, कपाट नंबर सगळं आत टाकतात. नका टाकू. नोंद प्रायव्हेट असली तरी तिच्या फोटोची थेट लिंक ज्याच्याकडे आहे त्याला फोटो उघडतो, फाइलवर कुलूप नसतं. जे बाहेर जायला नको ते इंटरनेटवरच्या सर्व्हरवर ठेवायचंच कशाला, ते शीटमधे ठेवा आणि इम्पोर्ट करताना तो कॉलम वगळा.

सर्च ठीकठाक. डोक्याला ताप म्हणजे तो डेटाबेसच्या फुलटेक्स्टवर, म्हणजे डेटाबेसने बनवलेल्या शब्दांच्या सूचीवर चालतो आणि मायएसक्यूएल या डेटाबेसचं डीफॉल्ट सेटिंग ३ अक्षरांपेक्षा लहान शब्द धरतच नाही. "रथ" शोधा, "घट" शोधा, वस्तू समोर असून काही मिळत नाही. हे सेटिंग आख्ख्या सर्व्हरचं असल्यामुळे शेअर्ड होस्टिंगवर तुम्हाला बदलता येत नाही. त्यावर उपाय म्हणजे वस्तूच्या प्रकारांची ठरलेली यादी बनवायची आणि लोकांना सर्चच्या चौकटीऐवजी त्या यादीतून आत न्यायचं. यादी बनवायला कस्टम व्होकॅब हे मॉड्यूल आहे, आणि तशीही ती यादी हवीच, नाहीतर तीच वस्तू कोणी दिवा लिहितो, कोणी समई, कोणी दीप.

अपडेट हाताने करावे लागतात. बॅकअप, नवीन फाइली चढवा, तुमचे फोटो, थीम, मॉड्यूल आणि कॉन्फिग सांभाळून. मॉड्यूलही एकेक करून झिप उघडून फोल्डरमधे टाकायची. वर्डप्रेसची सवय असलेल्यांना हे जुनाट वाटेल, आहेच. होस्टिंगवाले मधेच पीएचपीचं व्हर्जन वाढवतात आणि कोणीतरी हौसेने लिहून सोडून दिलेलं मॉड्यूल मोडतं, म्हणून मॉड्यूल कमीत कमी. मी तर सांगेन की कमिटीपुढे बजेट मांडताना सॉफ्टवेअरपुढे शून्य लिहा आणि त्याच्याखाली वर्षातून काही दिवस या कामासाठी एका माणसाचा पगार लिहा, तो मंजूर होत नसेल तर ओमेका घेऊच नका.

पाचपैकी साडेतीन. अपडेटचा एक स्टार कापला, सर्चचा अर्धा.

लोन आणि कपाटांचा हिशोब सॉफ्टवेअरमधेच हवा असेल तर कलेक्टिव्हॲक्सेस बघा, तेही फुकट, आतल्या कामाला प्रॉव्हिडन्स आणि लोकांना दाखवायला पॉटकेट असे दोन भाग आहेत, पण सेटअपला जाणकार माणूस लागतोच. आणि साइट सांभाळायला कोणीच नसेल तर युनिव्हर्सिटी ऑफ आयडाहोच्या लायब्ररीने बनवलेलं कलेक्शनबिल्डर घ्या. त्यात डेटाबेस नाही, पीएचपी नाही, एका सीएसव्हीतून साध्या पानांची साइट तयार होते, गिटहब पेजेस या फुकट होस्टिंगवर राहते, मर्यादा १ जीबीची, म्हणजे जेपेग अजून लहान करावे लागतील किंवा दुसरीकडे ठेवावे लागतील. अपडेट करायचं राहिलं म्हणून ती हॅक होण्याची भीतीही फारशी नाही. शीट तीच चालते, फक्त कॉलमची नावं बदलावी लागतात.