हायडन आणि मोत्सार्ट: दरबारी चाकरी की स्वतंत्र उपजीविका?
संगीतकार योझेफ हायडन १७६१ मध्ये एस्टरहाझी या हंगेरियन सरदार घराण्याच्या सेवेत रुजू झाला. त्याच्याहून २४ वर्षांनी लहान असलेल्या संगीतकार मोत्सार्टने मात्र १७८१ मध्ये साल्झबर्गच्या आर्चबिशपची नोकरी सोडून व्हिएन्नात स्वतःच्या बळावर राहणे पत्करले. हायडनच्या अंगावर चाकराचा गणवेश होता हे खरे, पण हाताशी कायमचा वाद्यवृंद असल्याने लिहिलेले लगेच वाजवून पाहता येई, आणि जगापासून दूर पडल्यामुळेच आपल्याला स्वतंत्र वाट काढावी लागली, असे त्यानेच पुढे सांगितले. घरी जायला आतुर झालेल्या वादकांची इच्छा सरदाराला कळावी म्हणून रचलेल्या १७७२ च्या ‘फेअरवेल’ (म्हणजे ‘निरोप’) सिंफनीत, म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या मोठ्या रचनेत, शेवटी वादक एकेक करून उठून जातात. रजेची इतकी सुरेल मागणी क्वचितच कोणी केली असेल.

मोत्सार्टचे उत्पन्न शिकवण्या, मैफली आणि ऑपेरा यांवर अवलंबून होते. १७८४ या एकाच वर्षात त्याने सहा पियानो कॉन्चेर्तो (पियानो आणि वाद्यवृंदासाठीच्या रचना) रचले, परंतु पुढे त्याच्यावर उसनवारीची वेळ आली आणि १७९१ मध्ये, वयाच्या ३५ व्या वर्षी, तो वारला.

प्रयोगाला निवांतपणा हवा असेल, तर माझ्या मते हायडनचा मार्ग सरस होता. ऑपेरातील नाट्य मात्र मोत्सार्टला व्हिएन्नाच्या धकाधकीतच गवसले.